पुराव्यानंतर आलेली बंदी : आरंभीच्या मोटारयुगातील स्त्रीचालक

मोटारगाडीच्या आरंभकाळाबद्दल एक समज सहजपणे मान्य केला जातो. मोटार प्रथम पुरुषांच्या हाती आली, ती चालवणे कष्टाचे आणि जोखमीचे असल्यामुळे स्त्रिया साहजिकच तिच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे गाड्या सोप्या होत गेल्या व समाजाचे विचार निवळत गेले तसतशा त्या एकेक करून चाकामागे येऊन बसल्या, असा तो समज आहे. ही मांडणी समंजस वाटते. परंतु १८८८ ते १९१८ या तीस वर्षांतील घटना तारीखवार लावून पाहिल्या की ती टिकत नाही. स्त्रिया मोटारीच्या इतिहासात अगदी पहिल्या पानापासून आहेत, आणि ज्याला उशिरा आलेले म्हणावे अशी गोष्ट म्हणजे त्यांच्यावर घातलेली बंदी होय. फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत मोटारशर्यतींचे दार स्त्रियांना बंद झाले, त्याआधी त्या त्या देशात एखाद्या स्त्रीने गाडी उत्तम चालवून दाखवली होती. स्त्रियांच्या क्षमतेबद्दलची शंका पुराव्याअभावी रेंगाळत राहिली असती तर ती समजण्यासारखी होती. प्रत्यक्षात पुरावा पुढे आला आणि त्यानंतर त्या शंकेला नियमाचे बळ देण्यात आले. हा क्रम लक्षात घेतल्याखेरीज त्या बंदीचा अर्थ लागत नाही.

त्यासाठी त्या काळी मोटार चालवणे म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. इंजिन सुरू करायचे तर गाडीच्या पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. हँडल म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यात अडकवायची वाकडी लोखंडी कांब. ती झटक्यात वर ओढली की दांडा फिरे, सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण ओढले जाऊन दाबले जाई आणि ठिणगी पडताच ते पेट घेई. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे आणि हँडलचा तडाखा बसून मनगट किंवा अंगठा मोडे. म्हणून हँडल मारण्यापूर्वी ठिणगीची वेळ मागे नेणारी दांडी योग्य जागी आणून ठेवायची, अंगठा हँडलभोवती न वळवता इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हँडल खाली दाबायचे नाही तर खालून वर ओढायचे, अशी त्यातली रीत होती. यात ताकद लागे हे खरेच आहे. पण केवळ ताकदीच्या भरवशावर हँडल मारणाऱ्याचा हात मोडण्याचा संभव रीत जाणणाऱ्यापेक्षा अधिक असे. पुढे गिअर बदलताना दातेरी चाकांचा वेग कानाने ओळखून जुळवावा लागे, टायर वारंवार फुटत ते रस्त्याच्या कडेला बसून काढावे व पंक्चर जोडून पुन्हा चढवावे लागत, आणि रात्र पडली की कार्बाइडवर पाणी ठिबकवून तयार होणाऱ्या वायूचे दिवे पेटवावे लागत. त्या काळचा चालक निम्मा मेकॅनिक असल्याशिवाय मुक्कामी पोचत नसे. ही कामे शिकून येणारी होती, आणि डोरोथी लेव्हिट या इंग्लिश स्त्रीने १९०९ साली खास स्त्रियांसाठी लिहिलेल्या मोटारविषयक पुस्तकात ती याच दृष्टीने, एकेक पायरी उलगडून शिकवली आहेत. गाडीत एक हातआरसा ठेवावा आणि मधूनमधून तो उंच धरून मागची रहदारी पाहावी, असा सल्लाही त्या पुस्तकात आहे. मागचे पाहण्याचा आरसा हा गाडीचा नेहमीचा भाग होण्यापूर्वीचा हा सल्ला आहे.

बर्था बेंझ यांचा प्रवास आता बराच परिचित आहे, तरी त्यातील एका बाजूकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट जानेवारी १८८६ मध्ये नोंदवले, पण लांबच्या पल्ल्यावर ती गाडी कोणी नेली नव्हती. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था यांनी युजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरच्या गावापर्यंत, म्हणजे शंभरहून थोडे अधिक किलोमीटर, ती गाडी नेली. वाटेत विस्लोख येथील औषधांच्या दुकानातून त्यांनी इंधन म्हणून लिग्रोइन हे द्रव विकत घेतले, टोपीच्या पिनेने इंधनाची तुंबलेली नळी मोकळी केली, आणि झिजलेल्या लाकडी ब्रेकवर एका चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. हे प्रसंग सांगताना धाडसी पत्नीची गोड कहाणी असा त्यांचा सूर लागतो आणि मूळ बाब झाकली जाते. लग्नापूर्वीच बर्था यांच्या हुंड्याची रक्कम कार्ल यांच्या कारखान्यात गुंतलेली होती; म्हणजे त्या एका आर्थिक भागीदाराच्या नात्याने आपल्याच मालाची चाचणी घेत होत्या. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, तेव्हा अशा चढांसाठी आणखी एक गिअर हवा, हा निष्कर्षही याच प्रवासातून निघाला. मोटारीची रस्त्यावरची पहिली खरी परीक्षा एका स्त्रीने घेतली आणि तिच्या निरीक्षणांवरून यंत्रात सुधारणा झाल्या, असे म्हणणे कोरडे वाटेल. पण ते अधिक अचूक आहे.

यापुढची दहा-पंधरा वर्षे पाहताना सरकारी कायदा आणि खासगी क्लब यांच्यात फरक करणे फार आवश्यक आहे, कारण एकूण प्रश्नाची गुरुकिल्ली तेथे आहे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये मोटारचालकांसाठी क्षमतेचे प्रमाणपत्र सुरू केले, आणि उझेसच्या डचेसनी १८९८ मध्ये ते मिळवले. त्याच वर्षी पॅरिसच्या बुवा द बुलोन्य या उद्यानातील रस्त्यांवर ताशी १२ किलोमीटरची मर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांच्यावर कारवाईही झाली. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटारकायद्याने चालकाला परवाना घेणे सक्तीचे केले, पण त्यासाठी चाचणी नव्हती. शुल्क भरून परवाना मिळे, आणि तो स्त्रियांनाही मिळत असे. रस्ता सरकारच्या अखत्यारीत होता, आणि सरकारला अपघात, वेग व शुल्क यांच्याशी कर्तव्य होते. दारे बंद केली ती क्लबांनी. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या ऑटोमोबाइल क्लबात स्त्रियांना सदस्यत्व नव्हते, म्हणून १९०३ मध्ये स्त्रियांना स्वतंत्र लेडीज ऑटोमोबाइल क्लब काढावा लागला. क्लब खासगी असतो, त्याने कोणाला घ्यावे हा त्याचा प्रश्न, असे येथे म्हणता येईल. पण त्या काळी शर्यती भरवणे, विक्रम नोंदवणे आणि निकाल प्रमाणित करणे ही सर्व कामे क्लबांच्या हाती होती. कोणती गाडी चांगली आणि कोणता चालक निष्णात, हे जगाला शर्यतींतून कळत असे. ज्याला शर्यतीत प्रवेश नाही त्याचे कौशल्य कोठेही नोंदले जात नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्याबद्दल ‘असे कोणी नव्हतेच’ असे पन्नास वर्षांनी बिनदिक्कत लिहिता येते.

फ्रान्समधील कामीय द्यु गास्त यांचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे आणि ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. १९०१ च्या पॅरिस-बर्लिन शर्यतीत त्या उतरल्या आणि मोठमोठ्या कारखान्यांचे कसलेले चालक असलेल्या त्या शर्यतीत त्यांनी बर्लिन गाठले. मे १९०३ मध्ये पॅरिस-माद्रिद शर्यत निघाली. रस्ते उघडे, दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी, पुढच्या गाडीने उडवलेल्या धुळीत मागच्याला काही दिसत नसे, आणि गाड्यांचा वेग ब्रेकच्या आवाक्याबाहेर गेलेला, अशी ती शर्यत होती. पहिल्याच टप्प्यात चालक, मदतनीस आणि प्रेक्षक यांपैकी अनेक जण ठार किंवा जायबंदी झाले; मृतांत रेनॉ कारखान्याच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनॉ हेही होते. सरकारने बोर्दो येथे शर्यत थांबवली. द्यु गास्त ‘द दिएत्रिश’ बनावटीची गाडी चालवत होत्या आणि चांगल्या पुढे आल्या होत्या. वाटेत त्यांच्याच चमूतील एक चालक उलटलेल्या गाडीखाली अडकलेला त्यांना दिसला, तेव्हा त्या थांबल्या आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत त्याच्यापाशी राहिल्या. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये स्त्रियांना मोटारशर्यतीत भाग घेण्यास मनाई झाली आणि स्त्रियांचा स्वभावतःच घाबरा असलेला पिंड हे त्याचे कारण म्हणून पुढे करण्यात आले. द्यु गास्त यांनी जाहीर निषेध केला. त्याचा उपयोग झाला नाही आणि त्या मोटारबोटींच्या शर्यतींकडे वळल्या.

या निर्णयाच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पॅरिस-माद्रिदनंतर मोटारशर्यतींविरुद्ध लोकमत इतके खवळले होते, की यानंतर एखादी स्त्री शर्यतीत मरण पावली असती तर हा खेळच कायमचा बंद पडेल, अशी भीती संयोजकांना वाटणे अशक्य नव्हते. परंतु मग तो नियम खेळाची अब्रू राखण्यासाठी होता, स्त्रियांच्या मज्जातंतूंशी त्याचा काही संबंध नव्हता. शिवाय १९०३ च्या त्या भीषण टप्प्यात ज्यांच्या हातून गाड्या उलटल्या आणि गर्दीत घुसल्या ते चालक पुरुष होते. त्यावरून पुरुषजातीच्या मनोधैर्याबद्दल कोणी सिद्धान्त मांडला नाही, रस्ते, वेग आणि धूळ यांना दोष दिला, आणि ते योग्यच होते. तोच न्याय स्त्रीला लावला गेला नाही. ज्या एका स्त्रीने त्या गोंधळात डोके शांत ठेवून दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी आपली शर्यत सोडली, तिच्याच वाट्याला घाबरेपणाचा शेरा आला, ही गोष्ट आजही संताप आणणारी आहे.

इंग्लंडमध्ये घडले ते कमी नाट्यमय असले तरी त्याच जातीचे होते. सरे परगण्यातील ब्रुकलँड्स हा खास मोटारशर्यतींसाठी बांधलेला मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. तो बांधणाऱ्या लॉक किंग दांपत्यापैकी एथेल लॉक किंग यांनी उद्‌घाटनाच्या दिवशी स्वतः गाडी चालवत मिरवणुकीचे नेतृत्व केले. आणि त्याच वर्षी डोरोथी लेव्हिट यांना तेथे शर्यतीत उतरू दिले गेले नाही, जरी त्यांनी १९०५ मध्ये ब्रायटन येथील वेगचाचणीत नेपियर गाडीतून ताशी सुमारे १२८ किलोमीटरचा वेग गाठला होता. १९०८ मध्ये स्त्रियांची एक शर्यत झाली. ऑस्टिन गाडी चालवणाऱ्या म्युरिएल थॉम्पसन पहिल्या आल्या, एथेल लॉक किंग दुसऱ्या. शर्यत चुरशीची झाली आणि त्यानंतर तो मार्ग स्त्रियांना बरीच वर्षे पुन्हा बंद झाला.

अमेरिकेत १९०९ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्या शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. त्या वर्षीच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स येथील मार्डी ग्राच्या शर्यतींत जोन न्यूटन क्युनिओ यांनी नामवंत चालकांना मागे टाकले. मुख्य स्पर्धेत त्यांच्या पुढे राल्फ डी पाल्मा होते, आणि ते त्या पिढीतील अव्वल चालकांपैकी एक होते. त्यानंतर लवकरच शर्यतींना मान्यता देणाऱ्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने आपल्या स्पर्धांतून स्त्रियांना वगळले. त्याच वर्षी ९ जूनला न्यूयॉर्कहून अ‍ॅलिस रॅमसी ही २२ वर्षांची, एका लहान मुलाची आई असलेली स्त्री मॅक्सवेल गाडी घेऊन निघाली आणि ५९ दिवसांनी, ७ ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. बरोबर दोन नणंदा आणि एक मैत्रीण होत्या आणि तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. सुमारे ६,००० किलोमीटरच्या या वाटेपैकी पक्का रस्ता अगदी थोडा होता. मिसिसिपीच्या पश्चिमेला वाटदर्शक पुस्तके निरुपयोगी ठरत, तेव्हा रॅमसी तारांच्या खांबांवर नजर ठेवत आणि दोन फाट्यांपैकी ज्या बाजूच्या खांबांवर तारा अधिक ती वाट धरत, कारण अधिक तारा गावाकडे जाणार हे उघड होते. रेडिएटर तापून कोरडा पडला तेव्हा या चौघींनी दात घासण्याचे ब्रश ठेवण्याच्या काचेच्या नळ्यांतून खंदकातले पाणी आणून तो भरला. अकरा टायर बदलावे लागले.

या प्रवासाला मॅक्सवेल कंपनीचा पाठिंबा होता आणि त्यामागचा हेतू जाहिरातीचा होता: स्त्रीलादेखील नेता येते इतकी ही गाडी भरवशाची आहे, हे कंपनीला देशभर दाखवायचे होते. येथे त्या काळच्या विचाराची एक ठरीव रीत दिसते आणि ती बंदीइतकीच परिणामकारक होती. स्त्री यशस्वी झाली की श्रेय गाडीला, चुकली की दोष स्त्रीजातीला, अशी ती रीत होती. पुरुषाने खंड पार केला तर तो शूर चालक ठरे. स्त्रीने केला तर गाडी सोपी ठरे. या हिशेबात कोणत्याही पराक्रमाने स्त्रीच्या खात्यावर काही जमा होण्याची सोयच ठेवलेली नव्हती, आणि म्हणून रॅमसींच्या नंतरही प्रत्येक स्त्रीला आपली परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागली.

गाड्यांच्या बाजारातही हीच विभागणी झाली. पेट्रोलच्या गाड्यांबरोबर त्या काळी बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या गाड्या विकल्या जात. त्यांना हँडल मारावे लागत नसे, गिअरची कटकट नव्हती, धूर आणि आवाज नव्हता, पण पल्ला मर्यादित आणि वेग कमी असे. या गाड्या स्त्रियांसाठी म्हणून खपवल्या गेल्या. आत फुलदाणी, मऊ बैठका, चहूबाजूंनी काचा. पेट्रोलच्या गाड्यांवर साम्राज्य उभारणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरत. सोय स्त्रीला हवी, पुरुषाला पल्ला आणि वेग हवा, असा त्यामागचा तर्क होता, आणि ही समजूत अमेरिकी उद्योगात कशी रुजली याचा अभ्यास व्हर्जिनिया शार्फ या इतिहासकार स्त्रीने १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे. गावातल्या गावात फिरण्यापुरती गाडी स्त्रीची, गावाबाहेर नेणारी गाडी पुरुषाची, असा या वाटणीचा व्यवहारातला अर्थ होता. मात्र १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये इंजिन सुरू करणारा विजेचा स्टार्टर आला, तेव्हा तो स्त्रियांच्या सोयीचा म्हणून गाजला तरी पुरुषांनी हँडल मारण्याचा हट्ट धरला नाही; हळूहळू सर्वांच्याच गाड्यांत तो आला. मनगट मोडून घेण्याची हौस पुरुषांनाही नव्हती. अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये पेटंट घेतलेल्या, आतून दांडीने फिरवायच्या काच पुसणीलाही तेव्हा कोणी विचारले नाही. तिच्यात व्यापारी मोल नाही, असे त्यांना कळवण्यात आले. आज वायपरशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

पहिल्या महायुद्धाने या सर्व युक्तिवादांची जी उलटतपासणी घेतली तिच्यासमोर ते टिकले नाहीत. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘फॅनी’ या स्त्रियांच्या शुश्रूषादलाची मदत ब्रिटिश सैन्याने प्रथम नाकारली, म्हणून या स्त्रिया बेल्जियन सैन्यासाठी काम करू लागल्या. १ जानेवारी १९१६ पासून मात्र कॅले येथे याच दलातील चालक ब्रिटिश सैन्याच्या अधिकृत सेवेत रुजू झाल्या. बॉम्बहल्ल्याच्या भीतीने दिवे न लावता, जखमींना धक्का बसू नये इतक्या सावकाशीने, रात्री-अपरात्री त्या रुग्णवाहिका नेत; कडक थंडीत इंजिने गोठू नयेत म्हणून रात्रीतून पुन्हा पुन्हा उठून हँडल मारत. ब्रुकलँड्सची शर्यत जिंकलेल्या म्युरिएल थॉम्पसन याच दलात होत्या, आणि मे १९१८ मध्ये बॉम्बवर्षावात बजावलेल्या कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी मेडल मिळाले. फ्रान्समध्ये मारी क्युरी यांनी क्ष-किरणांची उपकरणे मोटारींत बसवून ती आघाडीवर नेण्याची व्यवस्था उभी केली, इंजिनावर फिरणाऱ्या डायनॅमोने त्यांना वीज पुरवली, १९१६ मध्ये स्वतः वाहनचालकाचा परवाना घेतला आणि सुमारे १५० स्त्रियांना हे काम शिकवले. शांततेत शर्यतीसाठी जे मज्जातंतू कच्चे ठरवले होते, ते तोफांच्या माऱ्यात पुरेसे भक्कम ठरले. गरज पडली तेव्हा क्षमता मान्य झाली, यावरून आधीची अमान्यता क्षमतेवर आधारलेली नव्हती, हेच सिद्ध होते.

मग ती कशावर आधारलेली होती? मोटारीपूर्वी प्रतिष्ठित घरातील स्त्रीला कोठे जायचे तर घोडागाडी, तिचा गाडीवान आणि घरच्यांची संमती या तिन्हींची गरज असे, आणि ती कोठे गेली हे निदान गाडीवानाला माहीत असे. स्वतः गाडी चालवणारी स्त्री कोणाला न विचारता आणि कोणाला न कळता पंचवीस-तीस कोस जाऊन येऊ शकत होती. मताधिकाराच्या चळवळीने हे सामर्थ्य लगेच ओळखले. इंग्लंडमध्ये व्हेरा होम या चळवळीच्या मोटारचालक होत्या, आणि १९१६ मध्ये अ‍ॅलिस बर्क व नेल रिचर्डसन यांनी एका छोट्या सॅक्सन गाडीतून मताधिकाराचा प्रचार करत अमेरिकेची फेरी केली. स्त्रीच्या येण्याजाण्यावरचा ताबा सुटेल, ही भीती उघड बोलून दाखवता येत नव्हती; म्हणून कधी मनगट, कधी मज्जातंतू, कधी शालीनता अशी कारणे आलटून पालटून पुढे आली, आणि एका कारणाचे उत्तर मिळाले की दुसरे हजर झाले.

या विवेचनाची एक मर्यादा मात्र झाकून ठेवता येत नाही. वर आलेल्या बहुतेक स्त्रिया श्रीमंत किंवा खाऊनपिऊन सुखी घरांतल्या होत्या, कारण तेव्हा मोटार हीच श्रीमंतांची वस्तू होती, आणि पगार घेऊन मोटार चालवण्याचा व्यवसाय बहुतांशी पुरुषांकडेच राहिला. भारतात हे अधिकच खरे होते. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून सुझान टाटा यांचे नाव सांगितले जाते आणि त्यासाठी १९०५ हे साल दिले जाते; त्या मूळच्या फ्रेंच, रतनजी दादाभाई टाटा यांच्या पत्नी आणि जे. आर. डी. टाटा यांच्या मातोश्री. मुंबईच्या अत्यंत सधन पारशी घराण्यातील, फ्रान्समध्ये वाढलेल्या स्त्रीला जे शक्य झाले ते त्याच शहरातील गिरणीकामगार स्त्रीच्या कल्पनेतही येणे शक्य नव्हते. दुसरीकडे संस्थानिकांच्या ताफ्यांत पडदानशीन स्त्रियांसाठी खास पडदे आणि गडद काचा लावलेल्या मोटारी असत. ज्या यंत्राने एका स्त्रीला एकटीने बाहेर पडता आले, त्याच यंत्राने दुसरीचा पडदा चाकांवर चढवून सोबत नेला. यंत्र आपणहून कोणाला मोकळे करत नाही. चाक कोणाच्या हाती आहे यावर ते ठरते, आणि म्हणूनच त्या हातांबद्दलचे नियम कोणी आणि केव्हा केले याची चौकशी महत्त्वाची आहे.

ज्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने १९०९ मध्ये आपल्या स्पर्धा स्त्रियांना बंद केल्या, त्याच संस्थेने १९६० मध्ये अ‍ॅलिस रॅमसी यांना शतकातील सर्वश्रेष्ठ स्त्रीमोटारचालक म्हणून गौरवले. रॅमसी तेव्हा हयात होत्या आणि पुढल्याच वर्षी त्यांनी आपल्या प्रवासाचा वृत्तान्त पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. जोन क्युनिओ यांचे निधन त्याआधीच, १९३४ मध्ये, मिशिगन राज्यात झाले होते. इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत पहिली स्त्री, जॅनेट गथ्री, १९७७ मध्ये उतरली. न्यू ऑर्लिन्सच्या त्या शर्यतींना तोपर्यंत ६८ वर्षे झाली होती.